उडीच्या खड्ड्याचं पाणी

आजवरच्या आयुष्यात मी लांब उडी एकदाच मारली आणि ती सहा फूट दोन इंच भरली. हे मी मनाचं सांगत नाही, त्याला जिल्ह्याच्या गोल शिक्क्याचा कागद आहे. कागदावर माझं नाव तेवढं नाही. ते का नाही, तेच सांगायला बसलोय.

आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. काल-परवापर्यंत आमचं सगळं उस्मानाबादला चालायचं. एका कागदासाठी माणूस पहाटेच्या एसटीनं निघायचा आणि दुसऱ्या दिवशी "साहेब दौऱ्यावर हायत" एवढीच बातमी घेऊन परत यायचा. आता जिल्हा जवळ आला. कागद मात्र जुनेच होते. त्यांवरचं उस्मानाबाद निळ्या शाईनं खोडून वर बारीक अक्षरात लातूर लिहिलेलं असायचं. पाऊस बहुतेक जुन्याच जिल्ह्यात राहिला होता, कारण आमच्याकडे त्याची बदली काही झाली नव्हती. नदी कोरडी, विहिरी कोरड्या, आणि आठवड्यातून दोनदा येणारा सरकारी टँकर हा गावातला सगळ्यात मोठा सण!

मी जळकोटच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होतो. गाव माझंच. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, त्यांतले एक कायम रजेवर. अशात हुकूम आला की नव्या जिल्ह्याच्या पहिल्या क्रीडास्पर्धा लातूरला होणार, प्रत्येक शाळेनं मुलं तयार करावीत. आमच्या भागातल्या गुरुजींना विस्तार अधिकारी साहेबांनी एका ओळीत उभं केलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुमचे पाय लांब आहेत. लांब उडी तुमची!" (याच न्यायानं माझ्या शेजारच्या जाडजूड गुरुजींच्या गळ्यात गोळाफेक पडली.)

मग उदगीरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मैदान इतकं टणक झालं होतं की त्यावर उडी मारणं जिवावरचं काम, म्हणून ते वर्गातच उरकलं. फळ्यावर उडी मारणाऱ्या माणसाची पाच चित्रं काढली होती आणि खाली टप्पे लिहिले होते : धाव, पायाचा दाब, उड्डाण, हवेतील स्थिती, उतरणे. शेवटी हेच सगळं छापलेला एक कागद दिला. तीन दिवसांत एकही उडी न मारता मी लांब उडीतला तज्ज्ञ होऊन गावी परतलो.

त्यातली ती "हवेतील स्थिती" मला काही केल्या साधेना. छाती पुढे, हात वर, मग पाय पुढे फेकायचे. हे सगळं हवेत करायचं, आणि हवेत मी कधी गेलेलो नव्हतो! म्हणून घरी बाजेवर उताणा पडून, हात-पाय वर करून सराव करत होतो. तेवढ्यात आमची अव्वा, म्हणजे माझी आई, आत आली.

"मल्लू, पोटात दुखायलंय का रं?"

"न्हाई अव्वा. मी हवेत हाय."

तिनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या आणि ती कामाला गेली.

आता दाजींची ओळख करून द्यायला हवी. माझी थोरली बहीण, अक्का, गावातच दिलेली. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. भला माणूस, पण जावईपणाचा मान चोवीस तास अंगावर घेऊन हिंडायचे. त्यांची मुलगी महानंदा, आमची नंदा, माझ्याच शाळेत चौथीत होती. घरी मी तिचा मामा आणि शाळेत गुरुजी, त्यामुळे पोरीनं दोन्हीचा मेळ घालून मला "मामागुरुजी" करून टाकलं होतं. पाढे तिला तीसपर्यंत पाठ. चौथीनंतरची शाळा जळकोटला, रोजची दोन कोस पायपीट.

मी विषय काढला, "दाजी, नंदाला पाचवीला जळकोटला घालायची ना?"

"कामून? पानी आनाया घरात मानूस पुरंना झालाय. चौथी झाली, अक्षर वळखती, बास की."

अक्का चुलीपुढे बसली होती. ती मान वर न करता लाकूड पुढे सारत राहिली. मला ते बघवेना आणि तोंडातून निघून गेलं, "दाजी, ही पोरगी लातूरला लांब उडीत नंबर आणणार हाय! जिल्ह्यात नंबर आलेली पोरगी घरी बसवणार का तुम्ही?"

"नंबर आनला तर घालतो पाचवीला," दाजी म्हणाले. "समद्या गावाम्होरं सांगतो. न्हाई आनला तर चौथी बास. मंजूर?"

"मंजूर!" मी मांडीवर थाप मारली. (नंदाला उडी मारताना मी तोवर एकदाही बघितलेलं नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी बघितलं. शाळेमागच्या भुसभुशीत राखेच्या ढिगावर नंदा धावत येऊन सहज सात फूट गेली. माझी छाती फुगली. मग मी तिला खिशातल्या कागदावरचे पाचही टप्पे समजावून सांगितले, आणि ती पाच फूट गेली. पुन्हा नीट समजावलं, तेव्हा साडेचार! पोरगी हवेत असताना "आता छाती का आता पाय?" असा विचार करायची आणि विचार पुरा व्हायच्या आत खाली यायची. "हळूहळू जमेल," असं मी म्हणालो. ते मी कुणाला म्हणालो, कोण जाणे.

दोष राखेचा आहे, खरा वाळूचा खड्डा हवा, असं मी ठरवलं. कागदावर लांबी भलतीच दिली होती. शाळेची भिंत आणि कडुलिंब यांच्यामध्ये धावायची जागा सोडून बारा फूट उरत होते, तेवढे घेतले. रुंदी आठ फूट. खोली हातभर पुरे, असं कागद म्हणत होता. पण दुष्काळातल्या गावात खड्डा खणणं कागदावर चालत नाही! चार बाप्ये कुदळी घेऊन आले. हातभर खणून झालं तसं मी म्हणालो, "बास."

"बास कसं गुरुजी? माती गार लागायलीय!"

"अहो, हा उडीचा खड्डा आहे."

"आसू द्या की. पानी लागलं तर काय वाईट हाय का?"

चारांचे चौदा झाले. बाया कडेला येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी नारळ आणला. अव्वानं खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं. मी कागद दाखवत कडेनं फिरत होतो आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. संध्याकाळपर्यंत खड्डा कमरेएवढा झाला आणि पहार खण्णकन काळ्या खडकावर आदळली. अखंड खडक, बशीसारखा गुळगुळीत. पाणी नाहीच. सगळे कुदळी उचलून घरी गेले. मग तो भरायला नदीतून वाळूच्या बैलगाड्या आणता आणता माझा जीव मेटाकुटीला आला. पण भरला! वरून दाताळं फिरवून मी वाळू अशी सारखी केली की शाळेची पोरं तिच्याकडे नुसती बघत बसायची.

साहेब सराव बघायला येणार असा निरोप आला. कागदावर लिहिलं होतं की उडी बरोबर असेल तर पांढरं निशाण वर करावं, चुकली तर लाल. लाल निशाण अक्काच्या जुन्या चोळीचं झालं. पांढरं कुठून आणायचं? ते गावात एकच होतं आणि ते दाजींकडे होतं.

त्याचं असं झालं होतं. गावात दोन विहिरी, एक वरच्या आळीत, एक खालच्या. टँकर आला की त्याचं पाणी एका विहिरीत ओतायचं आणि मग सगळ्यांनी शेंदायचं. कुठल्या विहिरीत, यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा सरपंचांनी पाळी लावून दिली. ज्या विहिरीची पाळी, तिथं एक माणूस पांढरं फडकं लावलेली काठी घेऊन उभा राहणार. ड्रायव्हरनं दुसरं कुणाचं ऐकायचं नाही, फडकं हलेल तिथंच टँकर लावायचा. हा मान जावई म्हणून दाजींना मिळाला. तेव्हापासून ते ती काठी उशाशी घेऊन झोपायचे.

"दाजी, एक सकाळ द्या. टँकर उद्या आहे."

"फडकं मातीत पाडू नका म्हंजी झालं," दाजींनी बजावलं आणि काठी हातात दिली.

सकाळी साहेब आले, त्यांना खुर्ची दिली. सगळा गाव कडेला उभा. मी पांढरं शर्ट-पॅन्ट घालून खड्ड्याच्या टोकाला, डाव्या हातात लाल, उजव्या हातात दाजींचं पांढरं. पहिला मुलगा धावला, खड्ड्याच्या तोंडाशी पुरलेल्या फळीवर पाय दिला आणि धपकन वाळूत बसला. उडी चार फुटांची असेल, पण बरोबर होती! मी काठी उंच धरून अशी झोकात हलवली की साहेबांनीसुद्धा टाळी वाजवली.

आणि रस्त्यावर भोंगा वाजला.

टँकर एक दिवस आधीच आला होता. जुना ड्रायव्हर बदलून नव्या जिल्ह्याचा नवा ड्रायव्हर दिलेला, त्याला आजचाच दिवस सांगितलेला, फडक्याची खूण मात्र बरोबर सांगितलेली. भोंगा ऐकला आणि निम्मी उडी मारून झालेली पोरंसुद्धा वळली! "टँकर! टँकर!" म्हणत सगळा गाव घागरी आणायला घराकडे पळाला. दाजी फडकं विसरून हंडा आणायला पळाले. मिनिटभरात मैदानात उरलो मी, साहेब आणि माझ्या हातातलं पांढरं निशाण.

मी ड्रायव्हरला "इकडे नाही, तिकडे!" असं दाखवायला हात हलवला. (कुठला हात, ते सांगायला नकोच.)

"दिसलं, दिसलं! लई हलवू नका!" ड्रायव्हर ओरडला, टँकर मागे घेत घेत कडुलिंबाखाली आला, उतरला आणि त्यानं जाड नळा उचलून माझ्या वाळूत टाकला.

"अहो थांबा!" मी आणखी जोरात हलवलं.

"वततोय की! दम धरा जरा!" असं म्हणून त्यानं तोटी पूर्ण सोडली.

मी पुढे धावलो, काठीत पाय अडकून तोंडावर पडलो. उठेपर्यंत अर्धा टँकर वाळूत गेला होता. उरलेला आता बंद करावा की नाही यावर मी आणि ड्रायव्हर वाद घालत असताना तोही गेला. वाळूनं एवढं पाणी गिळलं आणि वर साधा डागही ठेवला नाही. कडेनं थोडं वाहिलं, ते कडुलिंबानं प्यायलं.

बाया डोक्यावर घागरी घेऊन आधी विहिरीकडे गेल्या होत्या. तिथं काही नाही म्हटल्यावर शाळेकडे आल्या. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. चार दिवसांचं पाणी होतं ते. लेकुरवाळ्या होत्या त्यात, एक बाळंतीण घरी होती. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही आणि आजही तो खड्डा आठवला की कानशिलं तापतात. दाजी हंडा खाली ठेवून म्हणाले, "मेव्हणं, काय केलाव ह्ये?" साहेबांनी खुर्ची थोडी लांब नेली.

मग गर्दीतून अव्वा पुढे आली. खड्ड्याच्या कडेला चपला काढल्या. गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी वाळू बाजूला सारायला लागली. नदी आटली की आमच्याकडच्या बाया नदीच्या पात्रात असाच झिरा उकरतात. हातभर खळगा झाला तशी ती थांबली. खळग्याच्या तळाशी आधी चमक दिसली, मग हळूहळू पाणी वर आलं, निवळशंख, काचेसारखं! खाली अखंड खडक होता, पाणी जाणार कुठं? अव्वानं वाटीनं काढलं, पदरातून गाळलं, घोटभर प्यायली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली. "हिरीतल्या गाळापरीस बरंय. चला गं, बसा रांगंनं. आन् कुनी हितं पाय घालायचा न्हाई. प्यायचं पानी हाय."

मी बघतच राहिलो. वीस बाया माझ्या खड्ड्याच्या चारी बाजूंनी बसल्या, वीस झिरे उकरले, एकीची वाटी दुसरीला लागली नाही की एक थेंब सांडला नाही. ज्या खड्ड्याची मी खोली चुकवली, जागा चुकवली, निशाण चुकवलं, त्यातून त्यांनी गावाचं पाणी परत काढलं. हात जोडावेसे वाटले आणि मी खरंच जोडले. साहेब म्हणाले, "गुरुजी, हे कागदात होतं का?"

झालं असं की गावाला ते पाणी आवडलं. पुढचा टँकरही तिथंच ओतला आणि त्याच्या पुढचाही. दोन आळ्यांचं भांडण मिटलं, कारण शाळा ना वरच्या आळीत, ना खालच्या. माझा उडीचा खड्डा गावाची विहीर झाला आणि त्यावर अव्वा काठी घेऊन पहाऱ्याला बसली. आता उडी शिकवायची कुठं? मी टणक जमिनीवर खडूनं चौकोन आखला. दोन दिवसांत सगळ्या वर्गाचे गुडघे फुटले आणि माझा क्रीडावर्ग बंद पडला. स्पर्धेला पंधरा दिवस उरले होते. अक्का मला बघून मान खाली घालायची.

मी आशा सोडली, पण पोरांनी खेळ सोडला नव्हता. त्यांनी स्वतःचाच काढला. वाळूत पाय घालायचा नाही ना? मग वरून जायचं! आधी खड्ड्याचा कोपरा ओलांडायचे, मग आठ फुटांची रुंदी. टाच जरी वाळूला लागली तरी अव्वाची काठी पोटरीवर बसायची. "प्यायाचं पानी हाय मुडद्यांनो!" एके सकाळी मी शाळेत लवकर आलो तर नंदा खड्ड्याच्या लांबीच्या बाजूला, कडुलिंबाकडे तोंड करून उभी होती. मी ओरडणार, तोवर ती सुटली. परकर खोचलेला, वेण्या मागे. कडेवर एक पाय टेकला आणि पोरगी वर गेली. खाली सगळी वाळू होती आणि नंदा तिच्या वरून चालली होती, चाललीच होती. पलीकडे कडुलिंबाच्या मुळाशी दोन्ही पायांवर उतरली. बारा फूट! मी खिशातून कागद काढला आणि तिनं कुठले टप्पे केले ते बघू लागलो. त्यातला एकही केला नव्हता. कागद घडी घालून पुन्हा खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून मी तिला काही शिकवायचं नाही, एवढं एक शहाणपण केलं.

लातूरला निघताना अव्वानं नंदासाठी फडक्यात भाकरी बांधली आणि हनुवटीला हात लावून सांगितलं, "लातुरात बी पान्याचे हालच हायत म्हनं. परक्या गावात कुनाच्या पान्यात पाय घालू नगंस माय." मी ते ऐकलं आणि कौतुकानं हसलो. तिथंच मी चुकलो!

लातूरच्या मैदानावर जिल्ह्यातली सगळी पोरं जमली होती. औसा, निलंगा, अहमदपूर. कुणाच्या पायात पांढरे बूट, कुणाच्या छातीवर आकडे. दाजी एसटीनं आमच्याबरोबर आलेले, धुतलेलं धोतर नेसून दोरीला टेकून उभे. उडीचा खड्डा बघून नंदाचा चेहराच उतरला. खरा खड्डा कागदाप्रमाणे लांबलचक होता, तीस फुटांची वाळू!

"मामागुरुजी," ती कानात म्हणाली, "येवढं कसं वलांडू?"

"ओलांडायचं नाही. वाळूतच उतरायचं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला देवळात चपला घालून जायला सांगितलंय.

प्रत्येकाला तीन उड्या. पंचानं नाव पुकारलं. नंदा वाऱ्यासारखी आली, फळीपर्यंत पोचली आणि थांबली. वाकून वाळूला हात लावला, तो कपाळाला लावला आणि बाजूनं चालत परत आली. पंच म्हणाले, "एक उडी बाद."

दुसऱ्या वेळी ती फळीकडे गेलीच नाही. बाजूला फिरली, रुंदीच्या अंगानं धावली आणि नऊ फुटांचा खड्डा या कडेवरून त्या कडेला असा पार केला की मैदानावरच्या मास्तरांच्या तोंडून एकदम "आऽऽ" निघालं. वाळूवर बोट उमटलं नव्हतं. बूटवाली पोरं बूट विसरून बघत राहिली.

"हे काय?" पंच म्हणाले. "वाळूत खूणच नाही. मी मोजू काय? हीपण बाद."

तिकडे दाजी दोरी सोडून वळले होते. "चला मेव्हणं," त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तिचं बी चुकलं न्हाई. चौथी झाली, तेवढं खूप झालं."

मी नंदापुढे उकिडवा बसलो. "नंदे, हे प्यायचं पाणी नाही गं. नुसती वाळू आहे. बघ, कोरडी!" मूठभर उचलून दाखवली.

"आपली बी वरनं कोरडीच दिसती की मामा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "आजी म्हनली हाय, कुनाच्या पान्यात पाय घालू नगं. लोकं काय पितील मग?"

पंच घड्याळ बघत होते. पोरीची पाचवी त्या फळीवर अडकली होती आणि ती तिथं मीच अडकवली होती. मी उठलो. बूट काढले नाहीत. पांढऱ्या पॅन्टनिशी धावत सुटलो. धाव! पायाचा दाब! उड्डाण! कागदावरचे पाचही टप्पे त्याच क्रमानं केले, हवेत छाती पुढे काढली, हात वर नेले, आणि पाय पुढे फेकायचे राहून गेले. मी वाळूत तोंडापासून गुडघ्यापर्यंत एकाच वेळी उतरलो. सगळं मैदान हसलं. दाजीसुद्धा! वाळू नाकात, वाळू दातांत. त्याच तोंडानं मी ओरडलो, "बघ नंदे! एवढा मोठा आपटलो, तरी थेंब वर आला का?"

नंदा धावत आली. माझ्या शर्टाला हात लावून बघितला, पॅन्टीला लावला, मग मी जिथं आपटलो तिथं बोटानं खळगा उकरला आणि थोडं थांबली. पाणी आलं नाही.

"कोरडंच हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "घालू पाय?"

"घाल माय," मागून दाजींचा आवाज आला. "कुनी न्हाई पीत हितलं. घाल पाय."

ती कशी गेली ते मी सांगू शकत नाही. मी अजून वाळू थुंकत कडेला बसलो होतो आणि ती माझ्या डोक्यापलीकडून गेली असं मला वाटलं. इतकी वर्षं झाली, शेकडो पोरांना उडी मारताना बघितलं, पण अंगावर तसा काटा पुन्हा आला नाही. एवढ्याशा जिवात ती ताकद कुठून आली असेल? पंचांनी शिपायाच्या हातातला टेप घेऊन लावला, उठले, पुन्हा वाकून लावला. "बारा फूट नऊ इंच." औशाची एक पोरगी अर्ध्या इंचानं पुढे होती, म्हणून नंदाचा दुसरा नंबर आला.

मी भीत भीत दाजींकडे बघितलं. ते उपरण्यानं डोळे पुसत होते. "बघायलाव काय?" ते माझ्यावर खेकसले. "दुसरा म्हंजी नंबरच असतो की! जूनमधी जळकोटला नाव घालून या."

नव्या जिल्ह्याची प्रशस्तिपत्रकं अजून छापून आली नव्हती. म्हणून प्रत्येक शाळेला उड्यांच्या तक्त्याचीच शिक्का मारलेली नक्कल दिली. ती मी एसटीत बसून वाचली. महानंदा, पहिली उडी : बाद. तिसरी : बारा फूट नऊ इंच. आणि दुसरी : सहा फूट दोन इंच! तक्ता भरणाऱ्या कारकुनाची मान कागदात होती. "बाद" लिहायच्या आत त्याला वाळूत काहीतरी आपटल्याचा आवाज आला, टेपवाल्या शिपायानं इमानानं तिथली खूण मोजली आणि यानं ती नंदाच्या नावापुढे मांडून टाकली.

नंदा पाचवी शिकली, पुढेही शिकली. आज ती लातूरच्या एका शाळेत लहान मुलांना खेळ शिकवते आणि तिच्या पोरांच्या उड्या बघायला बाकीच्या शाळांचे मास्तर येतात. तो तक्ता तिनं चौकट करून वर्गात लावलाय. परवा तिनं मला पाहुणा म्हणून बोलावलं, हार घातला, पोरांना सांगितलं की हे माझे गुरू. एक चुणचुणीत पोरगी तक्त्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तिसरी उडी एवढी भारी, मग दुसरीच एवढी कमी कशी काय?"

नंदानं माझ्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ती आमच्या मामांनी शिकवल्यासारखी मारली होती."